खुल्या दस्तऐवज फॉरमॅटची सरकारी सक्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी कार्यालयं, त्यांना सॉफ्टवेअर पुरवणारे आणि त्यांच्याशी फायलींची देवाणघेवाण करणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं क्रमानेच वाचायला हवीत असं नाही. एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ओडीएफ म्हणजे नेमकं काय?

ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, म्हणजे ऑफिसच्या फायली कशा साठवायच्या याचं जाहीर मानक. मजकुरासाठी ओडीटी, तक्त्यांसाठी ओडीएस, सादरीकरणासाठी ओडीपी. ओएसिस या मानक संस्थेने मे २००५मध्ये ते मंजूर केलं आणि २००६मध्ये ते आयएसओचं (आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचं) मानक २६३०० झालं. सरकारी आदेशांत बहुधा १.२ ही आवृत्ती दिसते (ओएसिस २०११, आयएसओ २०१५). १.३ आवृत्ती २०२१मध्ये आली.

ओडीटी फाइल ही खरं तर एक झिप असते. आत मजकुराची एक एक्सएमएल फाइल, शैलींची दुसरी, लेखक आणि तारखा यांची तिसरी, आणि चित्रांचं वेगळं फोल्डर. याचा रोजच्या कामात उपयोग आहे: फाइल बिघडून उघडेनाशी झाली, तर तिची प्रत काढून एक्स्टेंशन झिप करा आणि आतली 'कंटेंट' नावाची फाइल बाहेर काढा. मांडणी जाईल, पण मजकूर बहुतेक वेळा हाती लागतो.

२. ओडीएफ सक्तीचं झालं म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर बंदी आली का?

नाही. सक्ती फाइलीवर असते, सॉफ्टवेअरवर नाही. एप्रिल २००९मध्ये आलेल्या ऑफिस २००७च्या सर्व्हिस पॅक २पासून वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट ओडीएफ वाचतात आणि लिहितात. गुगल डॉक्समधूनही ओडीटी उतरवता येते. 'आदेश निघाला, आता लिबरऑफिस बसवा' (लिबरऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर) असं समजून अनेक कार्यालयं दोन वेगळी कामं एकत्र बांधतात, मग एक अडलं की दुसरंही अडतं. आधी फायली सुधारा. सॉफ्टवेअर बदलायचं की नाही ते नंतर थंड डोक्याने ठरवता येतं.

३. डॉकएक्ससुद्धा आयएसओ मानक आहे ना? मग वाद कसला?

आहे, आणि ग्यानबाची मेख तिथेच आहे. डॉकएक्स, एक्सएलएसएक्स आणि पीपीटीएक्स (वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या फायली) यांचं मानक म्हणजे ऑफिस ओपन एक्सएमएल. डिसेंबर २००६मध्ये ते एक्मा या मानक संस्थेकडे एक्मा-३७६ म्हणून मंजूर झालं, तेव्हा त्याची पानं सहा हजारांच्या वर होती. आयएसओकडे ते जलद मार्गाने गेलं. सप्टेंबर २००७च्या मतदानात पुरेशी मतं मिळाली नाहीत, फेब्रुवारी २००८मध्ये जिनिव्हात दुरुस्तीची बैठक झाली आणि एप्रिलमध्ये ते आयएसओ २९५०० म्हणून पार पडलं. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी अपील केलं. ते फेटाळलं गेलं.

या मानकाचे दोन प्रकार आहेत. 'स्ट्रिक्ट' हा स्वच्छ प्रकार, तर 'ट्रान्झिशनल' प्रकारात जुन्या वर्ड-एक्सेलच्या सवयी सांभाळण्यासाठी ठेवलेल्या गोष्टी आहेत. वर्ड नेहमीच्या सेव्हला ट्रान्झिशनल लिहितो. स्ट्रिक्ट लिहिण्याची सोय ऑफिस २०१३पासून आहे, पण ती यादीतून मुद्दाम निवडावी लागते. म्हणून आदेशात नुसतं 'आयएसओ २९५०० चालेल' असं लिहिलं, तर आज टेबलावर असलेली प्रत्येक डॉकएक्स त्यात बसते आणि आदेशाने काहीच बदलत नाही.

४. पीडीएफ आहेच की. मग हा खटाटोप कशाला?

कारण पीडीएफ वाचण्यासाठी आहे, दुरुस्तीसाठी नाही. ज्या कागदावर पुढे कुणी हात फिरवणार नाही (आदेश, अधिसूचना, निकाल), त्याला पीडीएफ योग्य, आणि जपून ठेवायचा असेल तर पीडीएफ/ए. त्यात टंक (फॉन्ट) फाइलीतच भरलेले असतात. ज्या कागदावर दोन कार्यालयं मिळून काम करणार किंवा जो अर्ज नागरिक भरणार, तिथे संपादनाचा फॉरमॅट लागतो. छापून पुन्हा स्कॅन केलेला पीडीएफ मात्र दोन्हींत बसत नाही. तो कागदाचा फोटो आहे आणि त्यात शोधताही येत नाही.

५. कोणत्या सरकारांनी हे करून पाहिलं आणि पुढे काय झालं?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचं. सप्टेंबर २००५मध्ये राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाने जाहीर केलं की १ जानेवारी २००७पासून कार्यालयीन कागदपत्रं ओडीएफमध्ये असतील. त्यावरून राजकीय वादळ उठलं, विभागाचे प्रमुख पीटर क्विन यांनी पद सोडलं, आणि ऑगस्ट २००७मध्ये मायक्रोसॉफ्टचा फॉरमॅटही मान्य यादीत घातला गेला. तो आदेश कुठे कच्चा होता, ते प्रश्न १६मध्ये.

ब्रिटनने जुलै २०१४मध्ये वेगळी वाट धरली: वाचायच्या कागदासाठी एचटीएमएल किंवा पीडीएफ/ए, एकत्र संपादनासाठी ओडीएफ. कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं याबद्दल अवाक्षर नाही. आमच्या मते आजवरच्या आदेशांत हीच रचना सर्वांत नेटकी आहे.

नेदरलँड्समध्ये 'पाळा किंवा कारण द्या' ही पद्धत आहे. यादीतलं मानक टाळायचं तर कार्यालयाने लेखी कारण द्यायचं. भारताने नोव्हेंबर २०१०मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण आणलं. मानक रॉयल्टीमुक्त हवं आणि एका कामासाठी शक्यतो एकच हवं, ही त्याची दोन मुख्य सूत्रं.

जर्मनीतल्या म्युनिक शहराचं नाव प्रत्येक चर्चेत निघतं, बऱ्याचदा चुकीच्या कारणासाठी. तिथला लिमक्स प्रकल्प फॉरमॅटपुरता नव्हता, पूर्ण संगणक विंडोजवरून लिनक्सवर नेण्याचा होता. सुमारे १५,००० संगणक बदललेही गेले. २०१७मध्ये नगर परिषदेने विंडोजकडे परतायचं ठरवलं. त्यावरून 'ओडीएफ फसलं' असा निष्कर्ष काढणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४मध्ये सुमारे ३०,००० कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचा निर्णय घेतला.

६. आमच्याकडे आदेशाचा मसुदा चालू आहे. त्यात काय असायलाच हवं?

सर्वांत आधी दोन वेगळ्या तारखा. 'या दिवसापासून प्रत्येक कार्यालय ओडीएफ स्वीकारेल' ही पहिली, आणि 'या दिवसापासून प्रत्येक कार्यालय ओडीएफच पाठवेल' ही दुसरी. दोन्हींत निदान सहा महिन्यांचं अंतर ठेवा. एकच तारीख ठेवली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ओडीटी पाठवतं, समोरच्याला ती उघडता येत नाही, तो 'वर्डमध्ये पाठवा' म्हणतो आणि आदेश तिथेच गतप्राण होतो.

मग आवृत्ती. 'ओडीएफ' एवढंच लिहू नका, 'ओडीएफ १.२ किंवा त्यापुढची' असं लिहा. १.२च्या आधी तक्त्यांतल्या सूत्रांची भाषा मानकात ठरलेलीच नव्हती (प्रश्न १२). वाचायचे आणि संपादनाचे कागद वेगळे करा (प्रश्न ४). अपवादाची सोय जरूर ठेवा, पण प्रत्येक अपवादाला शेवटची तारीख आणि एक जबाबदार अधिकारी असू द्या. बिनमुदतीचा अपवाद कायमचा होतो.

आणि टेम्प्लेट. आदेशासोबतच पत्र, टिप्पणी, इतिवृत्त आणि परिपत्रक यांची तयार टेम्प्लेट द्या. नवी फाइल कुणी कोऱ्या पानावर सुरू करत नाही, मागचं पत्र उघडून त्यावर लिहिलं जातं. ते मागचं पत्र डॉकएक्स असेल तर पुढची दहा वर्षं पत्रं डॉकएक्सच राहतील.

७. निविदेत 'एमएस वर्ड' असं नाव घालणं चालतं का?

युरोपीय संघात सर्वसाधारणपणे नाही: २०१४च्या सार्वजनिक खरेदी निर्देशानुसार तांत्रिक अटींत विशिष्ट ब्रँडचं नाव अपवादानेच घालता येतं, आणि तेही 'किंवा समतुल्य' या शब्दांसह. कायदा काहीही असो, 'वर्डशी सुसंगत' ही अट तपासता येत नाही, म्हणून ती निरुपयोगी आहे. त्याऐवजी आवृत्ती क्रमांकासह मानक लिहा आणि चाचणी जोडा. आपल्याच कार्यालयातल्या ३० खऱ्या फायली निवडा: साधी पत्रं, लांब अहवाल, सूत्रांचे तक्ते आणि भरायचे अर्ज. पुरवठादाराने त्या उघडून, बदलून, ओडीएफमध्ये सेव्ह करून परत द्याव्यात. नमुन्याला पुरवठादाराच्याच फायली घेतल्या तर चाचणी हमखास पास होते.

८. रोजच्या सेव्हला ओडीएफच यावं, यासाठी सेटिंग कुठे आहे?

वर्डमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' इथे जाऊन 'सेव्ह फाइल्स इन धिस फॉरमॅट' या खणात ओडीटी निवडा. एक्सेल आणि पॉवरपॉइंटमध्ये ते वेगळं करावं लागतं. संगणक शेकड्यांनी असतील तर हेच ग्रुप पॉलिसीतून (विंडोजच्या सगळ्या संगणकांवर एका जागेवरून सेटिंग लावण्याच्या सोयीतून) लावा. एकेका संगणकावर हाताने केलेलं सेटिंग नवीन प्रोफाइल बनलं की पुसलं जातं.

लिबरऑफिस मुळातच ओडीएफ लिहितो. कुणी ते बदललं असेल तर 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लोड/सेव्ह', 'जनरल' इथे दिसेल.

९. दुसऱ्या संगणकावर उघडलं की पानं सरकतात, तक्ता पुढच्या पानावर जातो. फॉरमॅटचा दोष का?

बहुतेक वेळा टंकाचा. ओडीटी काय किंवा डॉकएक्स काय, कोणती ओळ कुठे मोडते ते फाइलीत लिहिलेलं नसतं. उघडणारं सॉफ्टवेअर दर वेळी अक्षरांच्या रुंदीवरून ते ठरवतं. टंक नसला की दुसरा लागतो, अक्षरं किंचित रुंद होतात, आणि चाळीस पानांच्या अहवालाची बेचाळीस होतात.

उपाय स्वस्त आहे. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या जागी कॅलाडिया बसवा. एरियल, टाइम्स न्यू रोमन आणि कुरियर न्यू यांच्यासाठी लिबरेशन टंक आहेत. या सगळ्यांच्या अक्षरांची रुंदी मूळ टंकाइतकीच ठेवलेली आहे, म्हणून ओळी जागच्या जागी राहतात. नव्या टेम्प्लेटमध्ये तर सुरुवातीपासूनच मुक्त परवान्याचा टंक ठरवा. लिबरऑफिसमध्ये 'फाइल', 'प्रॉपर्टीज', 'फॉन्ट' इथून टंक फाइलीतच भरता येतो. फाइल जड होते, पण बाहेर पाठवायच्या अर्जासाठी हे परवडतं.

टंक बसवूनही पानं सरकत असतील तर लिहिण्याची पद्धत बघा. स्पेस दाबून जुळवलेले रकाने आणि एंटर दाबून आणलेलं नवं पान कुठल्याच फॉरमॅटमध्ये टिकत नाहीत. पान तोडायला पानतोड वापरा, रकान्यांना टॅब किंवा तक्ता.

१०. इंग्रजी मजकुराचा टंक बदलतो, देवनागरीचा तसाच राहतो. असं का?

दोन्ही फॉरमॅटमध्ये प्रत्येक शैलीत तीन टंक साठवलेले असतात: पाश्चात्त्य लिप्यांचा, पूर्व आशियाई लिप्यांचा आणि जोडाक्षरं घडवणाऱ्या 'कॉम्प्लेक्स' लिप्यांचा. देवनागरी तिसऱ्यात मोडते. लिबरऑफिसमध्ये 'ऑप्शन्स'मधल्या भाषा-सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर खूण केली की शैलीच्या खिडकीत तिसरा टंक दिसू लागतो. टेम्प्लेट बनवणाऱ्याने तो एकदा ठरवला की बाकीच्यांचा त्रास संपतो.

युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर हा निराळाच रोग आहे. तिथे फाइलीत देवनागरी नसतेच; रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि टंक त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. अशी फाइल ओडीटीत नेली तर मिळते खुल्या फॉरमॅटमधली अगम्य फाइल. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा, मग फॉरमॅट बदला. परिवर्तकातून आलेल्या मजकुरात रफार आणि पहिली वेलांटी हमखास तपासा.

११. आमच्या एक्सेल फायलींत मॅक्रो आहेत. त्यांचं काय होतं?

एक्सेलमधून ओडीएस म्हणून सेव्ह केलं तर मॅक्रो (फाइलीतच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) गळून पडतात. लिबरऑफिसचं तक्त्यांचं सॉफ्टवेअर कॅल्क हे व्हीबीए या मायक्रोसॉफ्टच्या भाषेतले काही साधे मॅक्रो चालवतं. पण जे मॅक्रो आउटलुकमधून मेल पाठवतात किंवा विंडोजचे घटक बोलावतात, ते चालणार नाहीत.

म्हणून आधी मोजणी करा: मॅक्रो असलेल्या फायली किती, गेल्या वर्षभरात उघडल्या त्यातल्या किती? दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान निघतो. उरलेल्यांचे तीन ढीग करा. साध्या सूत्राने भागेल ते, पुन्हा लिहावे लागतील ते, आणि मुळात तक्त्यात नकोच होते असे, म्हणजे तक्त्याच्या वेषातले लहानसे डेटाबेस. तिसऱ्या ढिगाला वेळ आणि पैसा वेगळा ठेवा. फॉरमॅट बदलण्याचा खरा खर्च इथे असतो, परवान्यांत नाही.

सुरक्षेचं एक: मॅक्रो असलेल्या वर्ड फाइलीला डॉकएम असं वेगळं एक्स्टेंशन असतं, ओडीटीला नसतं. मेल गाळणी फक्त एक्स्टेंशन बघत असेल तर मॅक्रो असलेली ओडीटी तिच्यातून सुटते. गाळणीला फाइलीच्या आत बघायला लावा.

१२. तक्त्यांतली सूत्रं आणि तारखा बरोबर येतात का?

आता बहुतांशी येतात, पण वाईट नाव उगाच पडलेलं नाही. ओडीएफ १.१पर्यंत सूत्रांची भाषा मानकात नव्हती. २००९मध्ये एक्सेलने ओडीएस वाचायला सुरुवात केली तेव्हा इतर सॉफ्टवेअरने लिहिलेली सूत्रं तो टाकून द्यायचा आणि फक्त शेवटचे आकडे ठेवायचा. तक्ता दिसायला ठीक, पण बेरीज बदलायची नाही. १.२मध्ये ओपनफॉर्म्युला ही सूत्रांची ठरलेली भाषा आली आणि ते मिटलं.

तारखांचा एक जुना खड्डा अजून आहे. एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतो (ते नव्हतं), म्हणून १ मार्च १९००च्या आधीच्या तारखा एक्सेल आणि कॅल्क यांत एका दिवसाने वेगळ्या पडतात. जुन्या जन्मनोंदी किंवा जमिनीच्या नोंदी असतील तर त्या तारखा मजकूर म्हणून ठेवा.

ओळींची मर्यादा एक्सएलएसएक्समध्ये आणि कॅल्कमध्ये सारखीच, १०,४८,५७६. जुन्या एक्सएलएसमध्ये मात्र ६५,५३६. २०२०मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही, त्याचं मूळ याच जुन्या मर्यादेत होतं. कार्यालयात एक्सएलएस उरल्या असतील तर डॉकएक्सच्या आधी त्यांच्याकडे बघा.

१३. ट्रॅक चेंजेस (मजकुरातल्या बदलांच्या खुणा) टिकतात का?

जोडलेला आणि खोडलेला मजकूर साधारणपणे टिकतो. स्वरूपातला बदल (ठळक केलं, आकार वाढवला) ओडीएफ १.२मध्ये 'इथे बदल झाला' एवढाच नोंदवला जातो, आधी काय होतं ते नाही. तक्त्यातल्या रांगांची काढघाल हा सर्वांत नाजूक भाग. कायद्याचा मसुदा किंवा करार दोन पक्षांत फिरत असेल तर दोघांनी एकच सॉफ्टवेअर वापरावं, किंवा प्रत्येक फेरीची स्वच्छ प्रत वेगळी ठेवून 'कम्पेअर'ने फरक काढावा. दुसरा मार्ग कंटाळवाणा आहे, पण भरवशाचा.

१४. जुन्या लाखभर फायली सगळ्या बदलायच्या का?

नको. बंद प्रकरणांच्या फायली आहेत तशा ठेवा आणि गरज असेल त्यांची पीडीएफ/ए प्रत जोडा. चालू प्रकरणातली फाइल ज्या दिवशी संपादनासाठी उघडेल त्या दिवशी बदला. टेम्प्लेट आणि अर्ज मात्र पहिल्याच दिवशी.

घाऊक बदलायच्याच असतील तर लिबरऑफिसच्या 'हेडलेस' पद्धतीने खिडकी न उघडता फोल्डरच्या फोल्डर बदलता येतं. नेहमीची अडचण अशी: त्याच वापरकर्त्याचं लिबरऑफिस आधीच उघडं असेल तर आज्ञा काहीच न करता संपू शकते, कधी चूकही दाखवत नाही. स्वतंत्र प्रोफाइल द्या आणि शेवटी आत गेलेल्या व बाहेर आलेल्या फायलींची संख्या ताडून बघा. पासवर्डच्या फायली आधीच बाजूला काढा. मूळ फायली पुसू नका. नव्या फाइलीची तारीख बदलाच्या दिवसाची असते, त्यामुळे मूळ तारीख जपायची तर नोंद वेगळी ठेवावी लागते.

डिजिटल सही असलेली फाइल बदलूच नका. सही फाइलीच्या नेमक्या आशयावर केलेली असते. फॉरमॅट बदलला की सही गेली.

१५. नागरिकाने डॉकएक्स पाठवली तर परत करायची का?

अजिबात नाही. सक्ती कार्यालयावर आहे, नागरिकावर नाही. येणारं सगळं घ्या, जाणारं ठरलेल्या फॉरमॅटमध्ये पाठवा. आदेशाच्या नावाखाली एखाद्याचा अर्ज मुदतीबाहेर गेला, तर पहिली तक्रार आदेशाविरुद्धच होते, आणि ती रास्त असते.

१६. दृष्टिहीन कर्मचाऱ्यांचं काय?

मॅसॅच्युसेट्सचा आदेश इथेच कच्चा होता. फॉरमॅट चांगला होता, पण २००५ साली ओडीएफ लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरवर पडदा-वाचक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे स्क्रीन रीडर) नीट चालत नव्हते आणि अपंग कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी योग्य तोच आक्षेप घेतला. ओडीएफच्या पुढच्या १.१ आवृत्तीत सुगम्यतेच्या त्रुटी दूर केल्या गेल्या. आज अशा कर्मचाऱ्याला जे सॉफ्टवेअर जमतं त्यातूनच ओडीएफ सेव्ह करू द्यावं. टेम्प्लेटमध्ये खऱ्या शीर्षक-शैली आणि चित्रांना पर्यायी मजकूर असावा. त्याविना कुठलाही फॉरमॅट पडदा-वाचकाला मुकाच.

१७. ऑनलाइन संपादकात लिहिलेला कागद कोणत्या फॉरमॅटमध्ये असतो?

गुगल डॉक्ससारख्या सेवेत तो सेवेच्या स्वतःच्या रचनेत असतो. फाइल जन्मते ती उतरवून घेताना. म्हणून 'आम्ही ओडीएफ पाळतो' असं म्हणायचं तर अंतिम प्रत ओडीटीत उतरवून कार्यालयाच्या दप्तरात जमा व्हायला हवी. टिप्पण्या आणि आधीच्या आवृत्त्यांचा इतिहास पूर्ण उतरत नाही. तो पुरावा म्हणून लागणार असेल तर सेवा बंद होण्याआधीच वेगळा काढा.

१८. फाइल खरोखर मानकात बसते हे तपासायचं कसं?

एक्स्टेंशनवर विश्वास ठेवू नका. डॉकएक्सचं नाव बदलून ओडीटी केलेली फाइल काही सॉफ्टवेअर निमूट उघडतं आणि चूक कुणाच्या लक्षात येत नाही. ओडीएफसाठी ओडीएफ व्हॅलिडेटर आहे, पीडीएफ/एसाठी व्हेरापीडीएफ. दोन्ही मोफत.

व्हॅलिडेटर लिबरऑफिसच्याच फाइलीवर कधी कधी बोट ठेवतो, ते पाहून लोक गोंधळतात. लिबरऑफिस मुळात 'एक्स्टेंडेड' प्रकार लिहितो, म्हणजे मानकात अजून न आलेल्या काही गोष्टीही त्यात असतात. काटेकोर प्रत हवी असेल तर 'लोड/सेव्ह', 'जनरल' इथे आवृत्तीच्या खणात 'एक्स्टेंडेड' शब्द नसलेली आवृत्ती निवडा. मग काही नव्या सोयी त्या फाइलीत टिकणार नाहीत, म्हणून हे सेटिंग सगळ्यांच्या संगणकांवर लावू नका. दप्तरात जमा करणाऱ्या एका संगणकावर पुरे.